घरच्या संगणकाला अँटीव्हायरस किती जड हवा?



या वेळी ना हिरव्या भाजीशिवायचा पदार्थ, ना व्रतकथा. गेल्या दोन महिन्यांत मंडळातल्या चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "ताई, घरचा कॉम्प्युटर फार रेंगाळतो, एखादा हलका अँटीव्हायरस सांग ना." मलाच का विचारतात, ते आपल्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. सांगायला संकोच वाटतो, पण प्रतिक्रमण मनातल्या मनात केलं की फार सोपं जातं, म्हणून लिहूनच टाकते.

यंदा दशलक्षण संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आपले फोन कसे वाजत असतात, ते काय सांगायचं! ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही, त्यांचाही क्षमेचा मेसेज येतो आणि आपणही तो प्रेमानं वाचतो. त्याच गर्दीत माझ्या फेसबुक खात्यावरून तेरा जणींना क्षमायाचनेचा मेसेज गेला. दहा मिनिटांनी दुसरा, "दवाखान्यात आहे, पाच हजार लगेच पाठव, उद्या देते." मी त्या वेळी मंदिरात होते. अकरा जणींनी मला फोन लावला किंवा सोडून दिलं. दोघींनी पैसे पाठवले. त्यातल्या एक काकू सत्तरी पार केलेल्या, पेन्शनवर राहणाऱ्या. दुपारी त्यांचाच फोन आला, "बरी आहेस ना गं?" तेव्हा मला काय झालंय ते कळलं.

१९३० वर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. दोघींचे पैसे मी माझ्याकडून दिले. काकू घेतच नव्हत्या. "तू कुठं मागितलेस?" म्हणाल्या. पण माझ्या घरातल्या दारातून चोर शिरला होता, हे तोवर मला समजलं होतं.

माझा भाचा संगणकाचंच काम करतो. तो रविवारी आला आणि आमच्या संगणकासमोर बसला. २०१७ साली घेतलेला कंपनीचा संगणक, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यात आमच्या मंडळाचा हिशेब, चातुर्मासात कुणाचा चौका कोणत्या दिवशी याची यादी, आण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, शेवटच्या वर्षातले फोटो. चालू केला की मी चहा टाकायचे, गाळून पिऊन व्हायचा, तरी याचं सुरूच. मला वाटायचं वय झालं बिचाऱ्याचं.

भाच्यानं टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवरून खाली येईना. आत तीन राखणदार होते. एक दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलानं "मावशी, फुल सिक्युरिटी घ्या" म्हणून घातलेला. दर वर्षी पैसे भरायचे, आणि त्यात अँटीव्हायरस सोडून आणखी सात-आठ गोष्टी, ज्यातली एकही मी कधी उघडली नव्हती. दुसरा फुकटचा, कशाबरोबर तरी आपोआप आलेला. मी "नेक्स्ट, नेक्स्ट" करत गेले असणार. तिसरा संगणक "साफ" करणारा, जो रोज सांगायचा की बाराशे चुका सापडल्या. प्रत्येक फाइल उघडताना पहिला तपासायचा, मग दुसरा तपासायचा, आणि दोघं एकमेकांनाही तपासायचे.

आणि या तिघांच्या पहाऱ्यात एक दार सताड उघडं होतं. ते मी उघडलं होतं.

श्रावणात दशलक्षणाची पत्रिका करायची होती. फोटो आणि बॅनर करायचं एक महागडं सॉफ्टवेअर एका ओळखीच्या मुलानं पेनड्राइव्हवर फुकट दिलं. क्रॅक केलेलं. बरोबर सूचना दिली, "घालताना अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा, आणि हे फोल्डर त्याला वगळायला सांगा, नाहीतर तो काढून टाकेल." मी तसंच केलं. एकदाही मनात आलं नाही की घरातला राखणदार ज्याच्यावर भुंकतोय, त्यालाच आपण मागच्या दारानं आत घेतोय. पत्रिका छान झाली. सगळ्यांनी कौतुक केलं.

भाच्यानं तिन्ही काढून टाकले आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या डिफेंडरकडून ऑफलाइन स्कॅन करून घेतलं. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपता येत नाही. त्या फोल्डरमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम निघाला. असे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगइनच्या खुणा उचलून बाहेर पाठवतात. माझे सगळे पासवर्ड ब्राउझरमध्येच होते, कारण लक्षात राहत नाहीत.

मी दर रविवारी पाठशाळेत मुलांना पाच अणुव्रतं शिकवते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान येतं, म्हणजे दुसऱ्यानं चोरलेला माल आपण घेणं. मुलांना मी उदाहरण देत आले आहे ते चोरीच्या सोन्याचं. आता सोनं राहू दे. आपल्यापैकी किती घरांत क्रॅक केलेलं ऑफिस आहे, चोरीचं विंडोज आहे? रात्री पाणी पिणार नाही, कंदमूळ घरात येऊ देणार नाही, आणि दहा हजारांचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून त्यावर मंदिराची पत्रिका करणार. मी केलं, म्हणून बोलायचा मला अधिकार आहे असं नाही. पण बोलते.

आता मूळ प्रश्न. हलका अँटीव्हायरस कोणता?

माझं मत असं आहे, की साध्या घरच्या संगणकाला नवा अँटीव्हायरस घालायची बहुतेक वेळा गरजच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजच्या आतच येतो. वेगळे पैसे नाहीत, नूतनीकरण नाही, "तुमचा संगणक धोक्यात आहे" अशी लाल पाटी दाखवून पुढच्या वर्षाचे पैसे मागणं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची संस्था अँटीव्हायरसना संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींत सहापैकी गुण देते. त्यात गेली काही वर्षं डिफेंडर बहुतेक वेळा पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ गुण घेत आला आहे. पूर्वी त्याला हसायचे, हे खरं. ती जुनी गोष्ट झाली.

डिफेंडर सर्वांत हलका आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या फाइली कॉपी करताना आणि पूर्ण स्कॅन करताना तो जाणवतो. टास्क मॅनेजरमध्ये "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" असं नाव वर आलेलं दिसेल, ते त्याचंच. घाबरू नका, व्हायरस नव्हे तो. पण तो एकटाच असला तर जुन्या संगणकालाही झेपतो. आपण पाणी गाळायला फडकं दुपदरी घेतो. त्यावर आणखी दोन चादरी घातल्या तर पाणी जास्त शुद्ध होत नाही, पाणी पडायचंच थांबतं. मग कंटाळून कुणीतरी फडकंच काढून ठेवतं. संगणकाचं तेच होतं. जड अँटीव्हायरस लोक शेवटी बंद करून ठेवतात.

माझी जाऊ इचलकरंजीला असते. तिचं म्हणणं, "फुकटातलं ते फुकटातलंच, पैसे दिले की जबाबदारी येते." यात थोडं तथ्य आहे, म्हणून सोडून देत नाही. फुकटचं म्हणून आलेलं सगळं फुकट नसतं. अवास्ट हा जगभर वापरला जाणारा फुकट अँटीव्हायरस. लोक कुठली पानं बघतात याची माहिती त्याच्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. हे बाहेर आल्यावर २०२० च्या जानेवारीत जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातलं बोलणं बाजारात सांगत होता म्हणा ना. तेव्हा जावेला माझं उत्तर एवढंच, की डिफेंडर त्या अर्थानं फुकट नाही. विंडोजचे पैसे आपण दिलेले असतात, त्यातच तो येतो. दिलेले असतात, असं मी आता म्हणू शकते. आमचं विंडोज खरेदीचं होतं, ऑफिस नव्हतं.

पैसे देऊन कुणी घ्यावा? दुकानाचा संगणक असेल, त्यावर तीन-चार नोकर बसत असतील, टॅलीमध्ये गिऱ्हाइकांचा हिशेब असेल, तर जरूर घ्या. आपल्या पुण्याच्या क्विक हीलपासून स्लोव्हाकियाच्या ईसेटपर्यंत पर्याय आहेत, आणि ईसेटची ओळखच हलका म्हणून आहे. पण घेताना "टोटल" नको, साधा अँटीव्हायरस मागा. दुकानदार टोटलच पुढे करतो, कारण त्याला त्यात जास्त सुटतात. आधी महिनाभर चाचणीसाठी घालून बघा, आपला संगणक किती दमतो ते. आणि एका वेळी एकच. दुसरा घातला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, तेवढा शहाणपणा त्याच्यात आहे. पण बाहेरचे दोन एकत्र घातले तर ते भांडतात. साफ करणारे, वेग वाढवणारे वगैरे तर मुळीच नकोत. ते बाराशे चुका वर्षानुवर्षं बाराशेच राहतात.

डिफेंडरवर राहायचं ठरलं, तरी पाच मिनिटं त्याच्याकडे बघावं लागतं. स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" टाका. व्हायरसच्या पानावर रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहेत ना, ते बघा. खाली "एक्सक्लूजन" म्हणून यादी असते, ती रिकामी हवी. माझ्यासारखं कुणी तिथं एखादं फोल्डर घालून ठेवलं असेल तर काढा आणि त्या फोल्डरची चौकशी करा. ॲप आणि ब्राउझरच्या पानावर नको असलेली ॲप अडवायची सोय आहे, तीही चालू करा. "नेक्स्ट, नेक्स्ट" करताना जे पाहुणे येतात ते बरेचसे तिथं अडतात.

स्कॅनचं म्हणाल तर, क्विक स्कॅन अधूनमधून पुरे. पूर्ण स्कॅन मी दुपारी सामायिकाला बसताना लावून द्यायचे. माझी अठ्ठेचाळीस मिनिटं संपायची, त्याचं निम्मंही व्हायचं नाही. आता होतं. कारण सांगते. अँटीव्हायरसचं नूतनीकरण भरलं नाही आणि त्या पैशांत आणखी थोडे घालून जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. आमच्या इथं दोन-अडीच हजारांत काम झालं. चहा टाकेपर्यंत संगणक सुरू झालेला असतो. हलका अँटीव्हायरस शोधणाऱ्या दहापैकी आठ जणींचं दुखणं अँटीव्हायरस नसून ती फिरती डिस्क आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आधी ती बदला, मग अँटीव्हायरसला दोष द्या.

पाठशाळेत आस्रव-संवर शिकवताना आपण नावेचं उदाहरण देतो. नावेला भोक पडलं तर आधी भोक बुजवायचं, मग पाणी उपसायचं. स्कॅन म्हणजे उपसणं. भोक बुजवणं म्हणजे विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी घेणं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यात अडकली. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी दोन महिन्यांत ती घेतली त्यांच्यावर ही वेळ आली नाही. आणि आम्ही मात्र "अपडेट नको गं, वेळ लागतो" म्हणून उद्यावर ढकलायचो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरला तर अपडेट घ्यायचीच भीती असते, क्रॅक उघडं पडेल म्हणून. म्हणजे भोक बुजवायचं नाही, असं आधीच ठरवून नाव पाण्यात घालायची.

सासूबाईंनी मधेच विचारलं, "व्हायरस मारायचा म्हणतेस, ती हिंसा नाही का?" भाचा हसला, पण मला प्रश्न आवडला. संगणकाचा व्हायरस अजीव. माणसानं लिहिलेल्या सूचना, बस. शिवाय अँटीव्हायरस त्याला बहुधा आधी मारत नाही, क्वारंटाइनमध्ये कोंडून ठेवतो. "मग चालेल," म्हणाल्या.

चोरी झाल्यावर काय केलं, तेही लिहिते, कारण घाईत उलटं होतं. पासवर्ड त्याच संगणकावरून बदलायचे नाहीत. नवा टाकला की तोही जाईल. मी फोनवरून बदलले. आधी ई-मेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथं येतात, मग फेसबुकचा. प्रत्येक ठिकाणी "सगळीकडून लॉग आउट" केलं, आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावली. संगणकावरचे फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर काढून विंडोज नव्यानं घातलं. व्हायरसची शंका असेल आणि जवळ जाणकार भाचा नसेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची मोफत साधनं मिळतात. त्यात क्विक हीलनं दिलेलंही आहे.

आता ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आहे. फुकट, आणि चोरीचं नाही. मंडळाच्या जुन्या एक्सेल फाइली त्यात उघडतात, एक-दोन ठिकाणी रकाने हलले, ते नीट केले. पत्रिकेसाठी इंकस्केप शिकते आहे. अजून जमत नाही. दिवाळीला, महावीर निर्वाणोत्सवाची पत्रिका जरा ओबडधोबड होती, ती त्यामुळेच. मराठी टाइप करायला विंडोजमध्येच फोनेटिक कीबोर्ड मिळाला, त्यासाठी मी वर्षानुवर्षं उगाच कुणाकुणाकडून फॉन्ट मागत होते.

आणि दर चतुर्दशीला बाहेरची डिस्क जोडते, नकला काढते, लगेच काढून कपाटात ठेवते. जोडून ठेवली तर वॉनाक्रायसारखा कुणी तिलाही कुलूप लावेल. आण्णांचे फोटो आता तिथं आहेत, आणि एक प्रत नणंदेकडे.

एक गोष्ट मात्र अँटीव्हायरसकडून मागू नका, जड असो की हलका. फोनवर कुणी पोलीस म्हणून धमकावतो, "डिजिटल अरेस्ट" म्हणतो, स्क्रीन दाखवणारं ॲप घालायला लावतो, तिथं तो काहीच करू शकत नाही. ते ॲप व्हायरस नसतं, आपणच त्याला परवानगी दिलेली असते. काकूंचे पाच हजार गेले त्या वेळी त्यांच्या फोनमध्ये कुठला व्हायरस नव्हता, माझ्यावरचा विश्वास होता. आता मंडळात आम्ही ठरवलं आहे, पैशाचा मेसेज कुणाचाही असो, आधी फोन करून आवाज ऐकायचा. क्षमावणीच्या दिवशीसुद्धा.

आमच्या संगणकाचं एक राहिलंच आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१७ चा आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत, ते घेतले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतील. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख पुढेही, २०२८ पर्यंत, मिळत राहणार आहे. पण अपडेटशिवाय ती नुसती उपसाउपशी होईल. भाचा म्हणतो, लिनक्स घालू. यांचं म्हणणं, नवाच घेऊ. चालता संगणक टाकून द्यायला माझं मन होत नाही, अजून ठरलेलं नाही.

परवा काकूंचा फोन आला होता. त्यांच्या नातवानं घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी फुकटचं घातलंय, तेव्हापासून तो हळू झालाय, येऊन बघशील का, म्हणाल्या. शनिवारी जाणार आहे. एक्सक्लूजनची यादी आधी उघडणार.